शेवटाचं पाणी

"शेवट कुठंऽऽ?"

मोरदऱ्याच्या माथ्यावर, पाण्याच्या टाक्याशी उभी राहून मी जीव खाऊन ओरडले. हातात पितळी गडू होता, काठोकाठ भरलेला. ओरडण्याच्या भरात त्यातलं थोडं पाणी माझ्याच बुटांवर सांडलं.

एरवी खालून "येतोऽऽय!" अशी हाक यायची, आणि तीही इतक्या लगेच, की तो या प्रश्नाची वाटच बघत असावा असं वाटायचं. त्या दिवशी वेळ लागला. आणि आलं ते वेगळंच.

"थांबलोऽऽ!"

मी तटाच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. माचीवर, उंबराच्या झाडाखाली दोन माणसं दिसत होती. हिरव्या नऊवारीवर कॅनव्हासचे बूट घालून गड चढणारी बाई आमच्याच काय, कुठल्याच मंडळात दुसरी नव्हती, म्हणजे त्या बेळेकाकी. पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, झाडाला टेकून, जयराम पगार.

"काकींच्या पोटरीत गोळा आला वाटतं," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. "आता पगार काही वर येत नाही. चला, डबे उघडू या."

"डबे नाही उघडायचे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

सांगायला हवं. आमच्या सातमाळा मंडळात सगळ्यात पुढे चालणारा तो आघाडी आणि सगळ्यात मागे चालणारा तो शेवट. मधल्यांनी हवं तसं पुढेमागे व्हावं, पण आघाडीच्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेवटाच्या मागे कुणी राहायचं नाही. मंडळ काढलं थेटे सरांनी. ते नाशकातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, पण नियम मात्र पलटणीचे. त्यातला त्यांचा लाडका नियम पाण्याचा. माथ्यावर पोचलं की टाक्याचं पाणी आपल्या हाताने प्यायचं नाही. रांगेत तुमच्या मागे जो असेल त्याने तुमच्या ओंजळीत घालायचं, तेव्हाच तुमचा गड लागला. शेवटाच्या मागे कुणीच नसतं, म्हणून त्याला पाणी घालायचं ते आघाडीने. आणि शेवट पाणी प्यायल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. भुकेने आतडी पिळवटली तरी नाही.

जयराम आमचा कायमचा शेवट होता. सटाण्याकडचा, टेलिफोन खात्यात नोकरीला. आडनावावरून त्याची थट्टा ठरलेली. "पगार कधीतरी वेळेवर येतो का?" असं वर पोचलेला प्रत्येक जण विचारायचा, आणि तो घाम पुसत म्हणायचा, "उशिरा येतो, पण बुडत नाही." विनोद शिळा झाला होता, तरी आम्ही हसायचो.

मी मंडळात आले तेव्हा चोविशीत होते, आणि माझ्यासारखी गोगलगाय त्यांनी पाहिली नसेल. पहिल्या गडावर सगळे पोचून गाणी म्हणायला लागले तरी मी खिंडीत धापा टाकत होते. माझ्या मागे फक्त जयराम. त्याने एकदाही "चला, चला" म्हटलं नाही. मी थांबले की तोही थांबायचा आणि भलतीकडेच बघायचा, जणू त्यालाच दम लागलाय. वर गेल्यावर त्याने माझ्या ओंजळीत पाणी घातलं. बारीक धार, जराही न सांडता. मी पिऊन मान वर केली तर म्हणाला, "आणखी?" त्या एका शब्दावर मी पुढचे कितीतरी गड चढले.

पण झालं असं, की चढता चढता मला चढता यायला लागलं. दम टिकू लागला. मी रांगेत एकेक माणूस ओलांडत पुढे सरकले आणि माझ्या ओंजळीत दुसरीच माणसं पाणी घालू लागली. कुणी भसकन ओतायचं, कुणी गप्पा मारत निम्मं खाली सांडायचं. मंडळाच्या सभेत थेटे सर माझं कौतुक करायचे, "गर्गेबाईंची प्रगती बघा." मी बघत होते ना. प्रगती होत होती तसतशी मी त्याच्यापासून लांब जात होते. मुद्दाम हळू चालायचा प्रयत्नही करून पाहिला, तर त्याने ते ओळखलं. "पाय आहेत तर वापर," एवढंच म्हणाला. तोवर आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो होतो.

मग माझ्या ध्यानात आलं, की त्याला गाठायचं असेल तर रांगेच्या दुसऱ्या टोकाला जायला हवं. आघाडीला. त्याला पाणी घालायचा हक्क तिथल्या माणसाचा. मंडळात तोवर कुठल्याही बाईने आघाडी केलेली नव्हती. सरांचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते आणि ते माणूस शोधत होते. मी वाटा शिकायचं मनावर घेतलं. शिकवलं कुणी? जयरामनेच.

"एक लक्षात ठेव," तो सांगायचा. "आघाडीने मागे वळायचं नाही. कुणी पडलं, रडलं, रुसून बसलं, तो माझा प्रश्न. तू वळलीस की तुझ्यामागची सगळी वळतात आणि पुढची वाट बेवारशी होते."

"आणि तूच पडलास तर?"

"तरी नाही."

मोरदरा ही माझी पहिली आघाडी. आणि त्याचा आमच्याबरोबरचा शेवटचा गड. खात्याने त्याला गुवाहाटीला पाठवायचं ठरवलं होतं, चारच दिवसांत निघायचं होतं. माझ्या घरी इंदूरचं स्थळ आलेलं, त्यांचा होकारही आलेला. वडिलांनी मला त्याच रविवारी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. हे दोन्ही आम्हाला एकमेकांचं माहीत होतं. बोललो मात्र एका शब्दाने नव्हतो. गर्गे आणि पगार ही आडनावं पत्रिकेवर शेजारी शेजारी छापायला दोन्ही घरांत केवढा कल्ला झाला असता तेही ठाऊक होतं. त्याची मला भीती वाटत नव्हती. त्याने विचारलं असतं तर मी कल्ल्याला तोंड दिलं असतं. पण विचारायला हवं होतं त्याने. मुलीने आपणहून बोलायचं असतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी पायथ्याच्या गावात, मारुतीच्या देवळापाशी रांग लागत होती. मी गडू पिशवीत कोंबत होते तेव्हा तो जवळ आला.

"गडू घेतलास?"

"घेतला. तू वेळेवर ये म्हणजे झालं. मला भूक लागते."

तो हसला. मग बुटाच्या टोकाने एक खडा इकडून तिकडे ढकलत राहिला.

"शरयू, वर गेल्यावर..."

"काय?"

"काही नाही. वर बघू."

एवढ्यावर मी तो अख्खा डोंगर चढले. पायाला काटे लागले ते संध्याकाळी अंघोळ करताना दिसले. सगळी माणसं मी वेळेआधी, एकही वाट न चुकता, माथ्यावर नेली. टाक्यात उतरून स्वच्छ कोपऱ्यातलं पाणी गडूत भरलं, त्यात पडलेलं पान काढलं, आणि हाक मारली. आणि तो म्हणाला, थांबलो.

"मॅडम, किती वेळ?" कुलथे नावाच्या नव्या सभासदाने विचारलं. बँकेत कारकून होता आणि गळ्यात नवाकोरा कॅमेरा. "पोटात कावळे कोकलतायत."

"कोकलू देत."

थोड्या वेळाने मी पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच, "थांबलोऽऽ!"

आवाजात घाबरल्यासारखं काही नव्हतं. कुणाला खरंच लागलं असतं तर त्याने शिट्टी वाजवली असती. म्हणजे काकी बऱ्या होत्या, नुसतं चढवत नव्हतं. आणि काकींना एकटं टाकून तो वर येणार नाही हे मला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. मग मीच जावं. गडू घेऊन उतरावं, त्याच्या ओंजळीत पाणी घालावं आणि म्हणावं, हं, बोल आता. काकी तर काकी, ऐकू देत.

मी दरवाज्यापर्यंत गेले. कातळात खोदलेल्या पायऱ्या तिथून खाली उतरतात. पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली, गडूवर तळहात धरला आणि उतरले. पहिली पायरी, दुसरी, आणखी काही. ऊन तोंडावर होतं.

मागून कुणीतरी किंचाळलं, "अहो कुलथे, मागे व्हा!"

वळून बघते तर हे गृहस्थ तटाच्या पडक्या भागावर पालथे पडून, अर्धे बाहेर लोंबकळत, दरीचा फोटो काढतायत. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघं गंमत बघायला त्याच कडेला सरकलेले. खालचा दगड सुटा होता, वर पोचल्या पोचल्या मीच सगळ्यांना दाखवला होता.

मी धावत वर गेले. कुलथेला शर्टाला धरून मागे ओढलं आणि जे काही बोलले ते माझ्या आईने ऐकलं असतं तर इंदूरच्या लोकांना तिनेच नकार कळवला असता. कुलथेच्या चेहऱ्याचा रंग उडालेला.

त्यानंतर मी दरवाज्याकडे गेले नाही. आघाडी सोडून मी गेले होते आणि तेवढ्यात एक माणूस जाता जाता वाचला होता. जयरामने शिकवलेलं मला पुन्हा कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. मी सगळ्यांना टाक्याभोवती बसवलं, डबे उघडायला सांगितलं आणि स्वतः भरलेला गडू मांडीवर घेऊन बसून राहिले. कुणीतरी मला थालीपीठ दिलं. ते मी खाल्लं की नाही, आठवत नाही.

उतरताना गडू सांभाळत आणला. माचीवर मी सगळ्यांच्या आधी पोचले. जयराम उठून उभा राहिला.

"कुलथेला चांगला झापलास," तो म्हणाला. "इथवर ऐकू आलं."

"पडला असता."

"हां."

मी गडू पुढे केला. तो बघत राहिला.

"खाली आणलेलं चालत नाही. सरांचा नियम आहे."

"नियम माहीत आहे मला. तहान लागली असेल म्हणून आणलंय."

त्याने ओंजळ धरली. मी धार धरली, बारीक, त्यानेच कधी धरली होती तशी. तो सावकाश प्यायला. पाणी कोमट झालं होतं. त्याने मान वर केली तेव्हा मी विचारलं, "आणखी?"

त्याने पुन्हा ओंजळ पुढे केली. गडू रिकामा झाला.

"इंदूरला काय कळवणार?" त्याने ओल्या हातांनी तोंड पुसत विचारलं.

"आज संध्याकाळी सांगायचंय."

"काय सांगणार?"

"तू सांग," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात धीटपणाचं वाक्य ते. पण तोवर मागची मंडळी माचीवर उतरायला लागली होती, "पगार आला का, पगार आला का" करत. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चल, पुढे हो," तो म्हणाला. "आघाडी थांबली की रांग तुंबते."

मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. मग काहीतरी बोलायचं म्हणून काकींकडे वळले. "काकी, पाय कसा आहे?"

"पायाला काय धाड भरलीय!" काकी खेकसल्या आणि पातळ झटकून उठल्या. त्या कुणावर एवढ्या चिडल्यात ते मला कळेना.

परतताना फाट्यावर तो आमच्या टेम्पोतून उतरला. त्याला गावाकडची एसटी धरायची होती. आघाडीची म्हणून मी पुढे, चालकाच्या शेजारी होते. आरशात तो दिसला. हात वर केलेला, सगळ्यांनाच. मग वळण आलं.

त्या संध्याकाळी मी वडिलांना हो म्हणून सांगितलं.

माणूस चांगला मिळाला, हे सांगायलाच हवं. इंदूरला माझं काही वाईट झालं नाही. दोन मुलं झाली, ती मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. ह्यांना डोंगराची आवड नव्हती, पण मला कधी अडवलंही नाही. जयराम गुवाहाटीलाच स्थिरावला, तिकडचीच मुलगी केली, असं कानावर आलं. तेव्हा मी दिवसभर कपाटं आवरत होते. आवरलेलीच कपाटं.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही नाशकात परतलो आणि मी पुन्हा मंडळात जाऊ लागले. थेटे सर गेले होते, नियम मात्र शाबूत होते. त्याच वर्षी मंडळाने बेळेकाकींचा सत्कार केला. ऐंशी पूर्ण, आणि गडांची संख्या तर अशी की सूत्रसंचालक वाचता वाचता दमला. शाल, श्रीफळ झालं, फोटो झाले. मग काकी मला हाताला धरून बाहेरच्या कट्ट्यावर घेऊन बसल्या.

"एवढे गड वाचले त्याने," त्या म्हणाल्या, "त्यात मोरदरा नव्हता, लक्षात आलं का तुझ्या?"

"तुम्हाला गोळा आला होता ना."

"गोळा कधीच उतरला होता गं. मी म्हटलं जयरामला, चल रे, हळूहळू चढते. तर म्हणतो, 'काकी, माझ्यासाठी जरा बसा. मला बघायचंय ती खाली येते का.'"

आत कुणीतरी माइकवर टकटक करत होतं.

"मी म्हटलं, आणि आली तर? म्हणाला, 'आली तर आधी चांगला रागावेन. एवढी माणसं वर सोडून आली म्हणून. आणि मग विचारेन.'"

"काय विचारणार होता?"

"आता ते मी सांगू होय?"

"आणि नाही आले तर?"

"'नाही आली तर चांगली आघाडी झाली म्हणायचं.' मी म्हटलं, अरे मेल्या, हा काय खेळ लावलायस? तोंड दिलंय ना देवाने? तर नुसता हसला. तू वरून हाक मारलीस की थांबलो, थांबलो करायचा, आणि डोळे वरच. मी पाठमोरी, मला काही दिसत नव्हतं. नुसती उन्हात भाजत बसले मी, तुमच्यापायी."

"काकी, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"टेम्पोत सांगणार होते. तू पुढे बसलीस. मग आठवड्यात ऐकलं की तुझं ठरलं. ठरलेल्या लग्नात मी कशाला काडी घालू?" काकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज सांगितलं कारण मोरदरा आता माझ्याकडून व्हायचा नाही. माझा एक गड त्याने खाल्ला, त्याचा हिशेब कुणाला तरी माहीत असू दे."

मला आधी राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. स्वयंपाक करताना, रस्ता ओलांडताना मी त्याच्याशी भांडत असे. आपणच शिकवायचं मागे वळू नको म्हणून, आणि आपणच वाट बघत बसायचं, ही कुठली रीत? ज्या दिवशी राग उतरला त्या दिवशी फार रिकामं वाटलं. तेव्हा कळलं, की मला तो हवाच होता, एवढी वर्षं, रोज, भाजीला फोडणी देताना आणि मुलांच्या गॅदरिंगला टाळ्या वाजवताना. हे कुणावर अन्याय करायचा म्हणून सांगत नाही. होतं ते असं होतं.

आता माझे गुडघे थेटे सरांसारखे झालेत आणि मी मंडळाचा शेवट आहे. माझ्या पुढे धापा टाकणाऱ्या मुली असतात. मी त्यांना चला म्हणत नाही, भलतीकडेच बघते. आघाडीला सरांची नात मृण्मयी असते. तिला मी तेच शिकवलंय, मागे वळायचं नाही. ती वळत नाही. गुणी मुलगी आहे.

गेल्या महिन्यात मंडळाने मोरदरा लावला. मी त्या दिवसानंतर तिथे गेले नव्हते. दर वेळी काहीतरी निमित्त काढलं होतं. या वेळी निमित्त सुचलं नाही. माचीवर उंबर अजून आहे, बुंधा दोन्ही हातांत मावणार नाही एवढा झालाय. माझ्या पुढची मुलगी वरच्या वळणावर थांबली होती. तिला हात करून मी म्हटलं, जा तू, आलेच, आणि झाडाला टेकून खाली बसले. जयराम बसला होता तशी, डोंगराकडे तोंड करून.

"शेवट कुठंऽऽ?" वरून मृण्मयीची हाक आली.

मी वर पाहिलं. आणि बघतच राहिले.

तिथून दरवाजा दिसतो. नुसता दरवाजा नाही, कातळातल्या त्या पायऱ्याही दिसतात, वरपासून खालपर्यंत, मधे एक झाड नाही की झुडूप नाही. एक मुलगी त्यांवर उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. तिची पिवळी ओढणी, तिचे हात, तिने मान वळवून कुणाला तरी दिलेलं उत्तर, सगळं मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणजे मी त्याला दिसले होते. गडूवर हात धरून उतरताना. आणि वळून धावत वर जातानाही.

"शेवट कुठंऽऽ?" पुन्हा हाक आली, जरा काळजीची.

मी झाडाला धरून उठले.

"येतेऽऽय!"